कवंदीची फुले

थंडीच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बुटीबोरीच्या कोणत्याही वस्तीतून चालत गेले, तर कुंपणांवर, तारांवर आणि चाळींच्या कठड्यांवर गोधड्या उन्हाला टाकलेल्या दिसतात. नागपूरहून वर्ध्याकडे जाताना लागणारे हे गाव आता कारखान्यांचे म्हणून ओळखले जाते. औद्योगिक वसाहत झाली तशी शिवारे गेली आणि निरनिराळ्या मुलखांतली माणसे इथे भाड्याच्या खोल्यांत राहायला आली. ज्यांची शेते गेली तीही बहुतेक इथेच आहेत, पण आपल्याच गावात परक्यासारखी. या सगळ्यांच्या सामानात सारखी अशी एकच वस्तू मला दिसते, ती गोधडी. भांडी इथे मिळतात, चूल इथे मिळते. गोधडी मात्र मागून आणावी लागते.

आपल्या साहित्यात गोधडीला मान थोडा आणि अश्रू फार मिळाले. आईची गोधडी म्हटली की लेखकाचा कंठ दाटून येतो आणि वाचकाचाही. पण तिचा टाका कसा आहे, तुकडे कोणत्या क्रमाने लागले आहेत, काठ आधी शिवला की मध्य, हे पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. जिला आपण माया म्हणतो तिला कलाही म्हणता येईल, अशी शंका आपल्याला येत नाही. माझीही गत फारशी निराळी नव्हती. ती बदलली एका परक्या गोधडीने, आणि ती किती परकी हाच या लेखाचा विषय आहे.

गेल्या हिवाळ्यात धारवाडकडच्या एका स्नेह्यांनी येताना एक कवंदी आणली. कवंदी म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची गोधडी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत, सह्याद्रीच्या रानात आणि रानाच्या कडेने सिद्दींच्या वाड्या विखुरल्या आहेत. हे लोक मूळचे आफ्रिकेचे. पोर्तुगिजांनी मोझांबिकच्या बाजूने गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाट चढून रानात पळून गेलेल्या माणसांचे हे वंशज, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींचे पूर्वज विजापूरच्या दरबारातले हबशी शिपाई असावेत. त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. पुष्कळ घरांत बोलली जाते ती कोकणी-मराठीची सरमिसळ, आणि मुले शाळेत कानडी शिकतात. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे कागदोपत्री तरी ही माणसे आपल्याच घरातली होती, आणि आपण त्यांची विचारपूस कधी केली नाही.

विचारपूस केली नाही याला कारण आहे. सिद्दी म्हटले की मराठी मनापुढे एकच चित्र उभे राहते: भर समुद्रातला जंजिरा आणि त्याच्या तोफा. शिवाजी महाराजांना जो किल्ला मिळाला नाही, संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्र बुजवत जिथपर्यंत जाण्याचा घाट घातला, तो सिद्दी. त्या मुलखाला आपण हबसाण असे नाव दिले आणि 1948 मध्ये ते संस्थान विलीन झाले तेव्हा त्या शब्दाची गरजही संपली. दुसरे चित्र थोड्या सुशिक्षितांचे. हबसाणातून विकला गेलेला एक मुलगा दख्खनेत येऊन मलिक अंबर झाला, 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली, नहरीचे पाणी शहरात खेळवले, आणि तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. शत्रू आणि मुत्सद्दी, या दोन दालनांत आपला सिद्दी संपतो. तो नाचतो का, त्याची बायको काय शिवते, त्याची म्हातारी मेल्यावर तिच्या लुगड्याचे काय होते, हे प्रश्न आपल्या इतिहासाला पडले नाहीत. इतिहासाला ते सहसा पडतही नाहीत. म्हणून तर कलेकडे जावे लागते.

कवंदी प्रथम अंथरली तेव्हा डोळे दिपले, हे कबूल करतो. तांबडा, हळदी, गर्द निळा, मध्येच एखादी फुलाफुलांची पट्टी, तिच्याशेजारी लुंगीचे चौकडे. आणि या साऱ्यावरून पांढऱ्या जाड दोऱ्याच्या टाक्यांच्या ओळी शेतातल्या तासांसारख्या चाललेल्या. आपल्याकडे गोधडीला पुष्कळदा वरून एक चांगले लुगडे अभ्रा म्हणून घालतात आणि चिंध्या पोटात लपवतात. कवंदीत पोटात लपवण्याजोगे काही नाही. खाली एखादी जुनी साडी अंथरून तिच्यावर तुकडे लावत जायचे, आणि जे तुकडे लावले तेच तिचे रूप.

शिवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि कडेकडेने शिवत चारही बाजूंनी फिरते. एक फेरा झाला की त्याच्या आतून दुसरा, मग तिसरा. तुकडे आधी कापून, जुळवून ठेवलेले नसतात. टाका जसा पुढे सरकतो तसा हाताशी येईल तो तुकडा बसतो, त्याची कड आत दुमडली जाते, आणि तो शिवला जातो. असे आत आत जात शेवटी मध्यावर काम थांबते. नकाशा नाही, पट्टी नाही. तरीही पाहणाऱ्याला वाटते की हा हिरवा इथेच हवा होता. चित्रकार ज्याला रचना म्हणतात ती इथे अगोदर ठरवलेली नाही, चालता चालता सापडलेली आहे. गाणारा जशी आवर्तने घेत समेवर येतो तसाच हा प्रकार आहे. आणि समेची जागा आधी माहीत असली तरी वाट माहीत नसते.

शेवटी चार कोपऱ्यांना बसतात ती फुले. ही फुले म्हणजे त्रिकोणी घड्या घालून एकावर एक बसवलेले कापडाचे छोटे थर. त्यांचा उपयोग काहीच नाही. ती ऊब देत नाहीत, शिवण बळकट करीत नाहीत. पण फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही. ती उघडी, नागडी राहिली असे त्या बायका मानतात. मला या फुलांपाशी सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले. ज्यांना अंगभर वस्त्राची भ्रांत पडत असे त्यांनी गोधडीच्या नागडेपणाची लाज बाळगावी, आणि ती झाकण्यासाठी सर्वांत निरुपयोगी गोष्ट निवडावी! कलेची व्याख्या करू पाहणाऱ्यांनी या चार कोपऱ्यांकडे एकदा पाहावे.

आता वादाचा मुद्दा. कवंदीकडे जगाचे लक्ष गेले ते मुख्यतः हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कला-इतिहासकारामुळे. आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या कलेचा त्यांचा व्यासंग मोठा. 2004 च्या सुमारास ते या वाड्यांतून हिंडले, बायकांची सहकारी संस्था उभी राहण्यास हातभार लागला, आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. हार्लेम हे अमेरिकेतल्या काळ्या समाजाचे जणू पंढरपूर. तिथे हल्याळची गोधडी भिंतीवर टांगली जावी याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु अशा प्रदर्शनाच्या निमित्ताने जी भाषा साहजिकच वापरली जाते, तिच्याबद्दल शंका येते. भडक रंग दिसले, विषम रचना दिसली, उत्स्फूर्तता दिसली, की ‘ही आफ्रिका!’ असे म्हणण्याचा मोह होतो. जणू या बायका चारशे वर्षे सुई हातात धरून विसरलेल्या खंडाची आठवण काढीत बसल्या आहेत.

मी ती कवंदी आमच्या शेजारच्या आजींना दाखवली. त्यांचे शेत वसाहतीत गेले. आता त्या मुलाच्या दोन खोल्यांत राहतात आणि दर उन्हाळ्यात एक तरी गोधडी शिवतात. त्यांनी रंगांकडे पाहिलेही नाही. पहिल्यांदा कवंदी उलटी केली, खालच्या बाजूचे टाके बोटाने चाचपले, कडेपासून आतपर्यंत बोट फिरवत नेले आणि म्हणाल्या, “आपल्यासारखीच तं शिवते.” त्यांचे म्हणणे खरे आहे. काठाकडून आत शिवत जाण्याची रीत दख्खनेत इतरत्रही आहे. आणि उत्तर कर्नाटकात गोधडीला कौदी म्हणतात, कवंदी हा शब्द त्याचाच भाऊ दिसतो. म्हणजे नाव इथले, टाका इथला, कापड इथले. मग यात सिद्दींचे काय?

माझ्या मते सिद्दींचे जे आहे ते रंगांत शोधण्यापेक्षा त्या वस्तूला दिलेल्या कामात शोधावे. ज्यांना जमीन नाही त्यांना गाव नसते, आणि ज्यांना गाव नाही त्यांना स्मारके नसतात. या लोकांच्या पुष्कळशा वाड्या वनखात्याच्या जमिनीवर. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या बागाइतदारांकडे राबायचे, कर्जात राहायचे. सरकारने त्यांना अनुसूचित जमातीत घेतले ते 2003 मध्ये, आणि जंगलजमिनीवर हक्क मागण्याचा कायदा झाला 2006 मध्ये. मागणे आणि मिळणे यांत किती पावसाळे जातात हे आपल्या गडचिरोलीकडच्या माणसांना विचारावे. अशा माणसांना बापाच्या नावाचा वाडा दाखवता येत नाही. पण बापाची लुंगी, आईचे लुगडे, आते लग्नात नेसली ते पातळ, बाळाचे पहिले झबले, हे कवंदीत दाखवता येते. मुसलमान बाई तुकड्यांत चंद्रकोर बसवते, ख्रिस्ती बाई क्रूस बसवते, आणि बाकी सारी गोधडी एकाच रीतीची. धर्म तीन, पण पांघरूण एक. मला यात आफ्रिकेच्या आठवणीपेक्षा इथे मुळे रोवण्याची खटपट अधिक दिसते. ही कला गेलेल्या मुलखाकडे पाहत बसलेली नाही. पायाखाली जी जमीन मिळाली नाही तिच्याजागी ती एक सहा फूट जमीन शिवून काढते.

आफ्रिकेची आठवण पाहायचीच असेल तर ती नाचात पाहावी. गुजराथेतले सिद्दी आपल्या नाचगाण्याला गोमा म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या भाषांत ‘न्गोमा’ हा शब्द ढोलालाही आहे आणि नाचालाही आहे. वाद्य आणि नृत्य यांना निरनिराळी नावे असावीत असे त्या लोकांना वाटले नाही. गुलामांच्या जहाजात सामान नव्हते, पण हा शब्द आला. भडोचजवळ रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यात हा नाच भक्तीचा आहे. धनुष्याच्या आकाराचे मलुंगा हे वाद्य त्याच्या साथीला असते. उत्तर कानड्यात दमाम हा मोठा ढोल, आणि त्यावरून दमामी नाच. दिवसभर दुसऱ्याच्या बागेत राबून आलेली माणसे रात्री त्या ढोलावर नाचत. आणि त्याच वाड्यांतल्या बायका आणखी एक गोष्ट करतात, ती ऐकून मला हसूच आले: त्या फुगडी घालतात! मोझांबिकचा ढोल आणि गोव्या-कोकणची फुगडी एकाच अंगणात. फुगडीला काय लागते? दोन जणी, चार हात आणि पाय टेकण्यापुरती जमीन. बेघर माणसांनी उचलावी अशी याहून सोयीची कला कोणती?

पण अंगणातला नाच आणि मंचावरचा नाच यांत फरक पडतोच. अंगणात नाचणाऱ्यांची तोंडे एकमेकांकडे असतात. मंचावर ती प्रेक्षकांकडे वळतात. सरकारी महोत्सवांतून सिद्दींचे ताफे आता देशभर जातात. गुजराथेतले नर्तक मोरपिसांचे पट्टे बांधतात, चेहरे रंगवतात, नारळ उंच फेकून डोक्यावर फोडतात, टाळ्या पडतात. हे पाहताना मला अवघडल्यासारखे होते. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही; आपल्या टाळ्यांबद्दल आहे. आपण त्यांना जी आफ्रिका दाखवायला सांगतो ती आपण सिनेमात पाहिलेली असते. याउलट, गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हेग्गोडूच्या नीनासम् या नाट्यसंस्थेने मंचीकेरीकडच्या सिद्दींना घेऊन नाटके केली. तिथे या लोकांना स्वतःखेरीज दुसरे कोणी होण्याचा अधिकार मिळाला, आणि रंगभूमीवर तोच मोठा सन्मान. अर्थात मानधन महोत्सवातच मिळते, आणि मोरपिसे बांधणाऱ्याला घरी चूल पेटवायची असते. दुरून नाक मुरडणे फार सोपे आहे.

हीच अडचण कवंदीची. याबाबतीत अमेरिकेतले उदाहरण उद्बोधक ठरेल. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तिथल्या बायका, गुलामांच्या नाती-पणत्या, जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 1962 मध्ये, मतदानाच्या हक्काची चळवळ सुरू असताना, नदी ओलांडण्याची त्यांची नाव बंद झाली, ती 2006 पर्यंत. गाव एकाकी पडले. 2002 मध्ये त्यांच्या गोधड्यांचे ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत प्रदर्शन झाले, आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली. 2006 मध्ये त्यांची टपालाची तिकिटेही निघाली. गोधडी भिंतीवर चढली. शेतात घालून फाटलेल्या कपड्यांची ती होती ही गोष्ट तळटीपेत गेली. कला म्हणून मान मिळाला की वस्तू आपल्या माणसांपासून थोडी दुरावते, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार उलटवून दाखवला तो हार्लेमच्याच फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीने. 1930 मध्ये तिथे तिचा जन्म, 2024 मध्ये मृत्यू. शिवणकामात निष्णात असलेल्या आपल्या आईबरोबर तिने 1980 मध्ये पहिली गोधडी केली आणि पुढे गोधडीवरच चित्रे काढली, कथा लिहिल्या. 1991 च्या एका चित्रगोधडीत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, मोनालिसाच्या समोर, काळ्या मुली चक्क नाचत आहेत. संग्रहालयात आवाज करू नये, हात लावू नये, नाचू तर नयेच. या पोरी नाचतात! गोधडी भिंतीवर गेली खरी, पण जाताना अंगणही घेऊन गेली. मला वाटते, कवंदीचे जे कौतुक आपण करू ते या जातीचे असावे.

प्रत्यक्षात काय होते आहे? कवंदीला गिऱ्हाईक मिळू लागले, हे चांगले झाले. बाईच्या हाती तिच्या सुईचा पैसा येतो ही लहान गोष्ट नव्हे. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे वापरलेले कपडे नको असतात. मग शिंप्याकडची नवी कात्रणे येतात. टाका तोच राहतो, रंग कदाचित अधिक खुलतात, फुलेही बसतात. फक्त त्या कापडांना कोणाचे अंग माहीत नसते. कोणी म्हणेल, कलेच्या दृष्टीने याने काय बिघडले? केवळ डोळ्यांनी पाहिले तर काहीच नाही. मी स्वतः जी कवंदी पाहून दिपलो ती विकण्यासाठीच केलेली होती, हे मला मागाहून कळले. तेव्हा नव्या कवंदीला मी खोटी म्हणणार नाही. पण दोन कवंद्यांना एकच शब्द वापरताना समीक्षकाने जीभ थोडी चावावी.

आमच्या आजी टाके पाहून झाल्यावर एका हळदी तुकड्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “हे कोनाचं लुगडं होय वो?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. कवंदीला एक चिठ्ठी शिवलेली होती. तीवर लांबी-रुंदी होती, धुण्याची सूचना होती, किंमत होती. मी स्नेह्यांना पत्र घातले. त्यांनी कुठून कुठून चौकशी केली आणि दोन महिन्यांनी उत्तर आले. बहुतेक तुकडे शिंप्याकडचे, हळदीसुद्धा. पण फुले विकतच्या कापडाची करायला शिवणारी तयार नव्हती. त्यांपैकी एका कोपऱ्यातले निळे फूल तिच्या मुलीच्या शाळेच्या गणवेशाचे होते.

आजींना मी हे वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावला, कवंदी मांडीवर ओढली आणि चारही कोपरे फिरवून ते निळे फूल शोधून काढले.

“म्हंजे पोरगी शिकते,” त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्याचा एक सुटलेला दोरा पाहून सुई मागू लागल्या.